बाद मताचे कारणही दिसावे



अमरावती पदवीधर मतदारसंघात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा व वाशिम हे पाच जिल्हे येतात. विधान परिषदेच्या या निवडणुकीत मतदानयंत्र नसते. मतपत्रिकेवर पसंतीक्रमाचे आकडे लिहावे लागतात. २ फेब्रुवारी २०२३ रोजी सुरू झालेली मोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. बाद मतपत्रिका पुन्हा तपासण्याची मागणी झाली. अखेर धीरज लिंगाडे यांनी डॉ. रणजित पाटील यांचा पराभव केला.

प्रश्न निकालाचा नसून पद्धतीचा आहे. पहिल्या पसंतीचा १ लिहिलाच नाही, तो दोघांपुढे लिहिला किंवा स्वाक्षरी केली, की पत्रिका बाद होते. वैध मतांच्या निम्म्याहून अधिक मते हा विजयाचा कोटा. म्हणून प्रत्येक बाद पत्रिकेगणिक कोट्याचे गणितही हलते.

यास्तव तीन उपाय सुचतात. अकोल्याहून मतपेटी निघताना तिच्या मोहोरेचा क्रमांक प्रतिनिधींनी टिपावा आणि अमरावतीत उघडण्यापूर्वी तो पडताळावा. शंकास्पद पत्रिका कॅमेऱ्याद्वारे पडद्यावर सर्वांना दाखवूनच निर्णय व्हावा. बाद मतांचा कारणवार तक्ता निकालासोबतच प्रसिद्ध करावा. मतदाराची ओळख मात्र गुप्तच राहावी.

शासन नियम करील तेव्हा करील. परंतु नियम जाणणारा, रात्रभर टेबलाशी जागणारा प्रतिनिधी घडविणे कार्यकर्त्यांच्याच हाती आहे. पराभूतालाही पटते, तीच मोजणी खरी!