राज्यकर्त्यांसाठीं प्रार्थना

राज्यकर्त्यासाठीं देवाजवळ कल्याण मागणें आणि त्याची खुशामत करणें, या गोष्टी वरवर सारख्या दिसल्या तरी मुळांत विरुद्ध आहेत. तीमथ्यास लिहिलेल्या पहिल्या पत्रांत राजे व सर्व अधिकारी यांच्यासाठीं प्रार्थना करण्याचा बोध आहे. त्या काळीं रोमच्या गादीवर ख्रिस्ती राजा नव्हता, हें विशेष.

इ. स. १८० च्या जुलैंत कार्थेज येथें कांहीं ख्रिस्ती स्त्रीपुरुष न्यायासनापुढें उभे राहिले. कर आपण भरतों, बादशहाला बादशहा म्हणून मान देतों, पण भय मात्र एका देवाचेंच बाळगतों, असें त्यांनीं सांगितलें. विचारासाठीं देऊं केलेली तीस दिवसांची मुदत त्यांनीं घेतली नाहीं. बारा जणांना देहान्ताची शिक्षा झाली. पुढें इ. स. १९७ च्या सुमारास त्याच नगरींतील टर्टुलियनानें लिहिलें कीं, ख्रिस्ती लोक बादशहासाठीं दीर्घायुष्य, निर्भय राज्य व जगाची शांति मागतात. मात्र त्याला देव म्हणत नाहींत.

आत्मिक सामर्थ्य तें हेंच. ज्याच्या हातीं तलवार आहे त्याचेंही भलें चिंतावें, पण मस्तक देवापुढेंच नमवावें. आवडत्या नेत्यासाठीं प्रार्थना करणारा त्याला देव्हाऱ्यांत बसवीत नाहीं. नावडत्यासाठीं करणारा त्याचा द्वेष करूं शकत नाहीं. दोघांसाठीं मागणें एकच : न्यायबुद्धि, नम्रता आणि दुबळ्यांविषयीं कळवळा. असें मागणाऱ्याला, प्रसंग येतांच, अन्यायाला नकार देण्याचें बळही त्याच प्रार्थनेंतून लाभतें.