आपली पट्टी, आपली चाल

आजचा विषय हौशी गायकांचा आहे, आणि त्यातही स्वतः शब्द लिहून, स्वतः चाल लावून गाणाऱ्यांचा. अशा माणसाला आपल्या आवाजाची मर्यादा बहुधा दुसऱ्याच्या गाण्यात कळते. कराओकेचा ट्रॅक मूळ गायकाच्या पट्टीत वाजत असतो. अंतऱ्यात चाल तार सप्तकात चढली की गळ्याच्या शिरा ताणल्या जातात, सूर खाली राहतो, आणि आपल्याला गाता येत नाही असा निष्कर्ष माणूस काढून मोकळा होतो. खरे तर ती पट्टी त्या गळ्याची नव्हती, इतकेच तिथे सिद्ध झालेले असते. माझे म्हणणे असे की, जो स्वतः गाणे रचतो त्याच्यासाठी आवाजाची मर्यादा ही निमूट सोसायची उणीव नाही. चाल बांधताना सर्वांत आधी विचारात घ्यायची ती गोष्ट आहे.

आवाजाचा पल्ला बव्हंशी शरीर ठरवते. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचे स्वरतंतू मध्य षड्जाला सेकंदाला सुमारे 139 वेळा कंप पावतात आणि तार षड्जाला त्याच्या दुप्पट. हा ताण पेलण्याची ताकद सर्वांची सारखी नसते. आपल्या संगीताने हे फार पूर्वी ओळखले, म्हणून आपला षड्ज एका जागी खिळलेला नाही. पुरुष बहुधा काळी एक किंवा पांढरी दोनच्या आसपास गातात, स्त्रिया काळी चार-पाचच्या. मात्र पट्टी उतरवली की वरचा सूर हाती येतो आणि मंद्रातला निसटू लागतो. दुसऱ्याची चाल गाणाऱ्याला ही कोंडी सहसा फोडता येत नाही. चाल आपलीच असेल तर लांब ओळ दोन श्वासांत विभागता येते, तार गंधाराकडे धावणारी जागा पंचमावरच थांबवता येते, आणि महत्त्वाचा शब्द आवाज जिथे भरदार लागतो तिथे ठेवता येतो.

यावर कोणी म्हणेल, ही तडजोड झाली. तडजोडीतून कला कशी निपजणार? उत्तरादाखल एका गायन घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब (1855–1946) यांचे उदाहरण पाहू. अतिरेकी गाण्याने ऐन उमेदीत त्यांचा आवाज बसला आणि पूर्वीसारखा तो परत आला नाही. त्यांनी उरलेल्या आवाजाला पेलेल अशी, लयीशी घट्ट बांधलेली, पेचदार तानांची गायकी घडवली. पुढे ते शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात स्थिरावले. वामनराव देशपांडे यांनी ‘घरंदाज गायकी’त घराण्याचे मूळ प्रवर्तकाच्या आवाजधर्मातच शोधले आहे. विशेष म्हणजे केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गोमंतकीय गायिकांचे गळे समर्थ होते, तरी त्यांनी हीच गायकी आपलीशी केली. अडचणीतून घडलेली गोष्ट अडचण नसलेल्यांनाही हवीशी वाटली, याहून मोठा पुरावा कोणता?

खाँसाहेब प्रतिभावंत होते, हौशी माणसाने त्यांच्याशी तुलना कशाला करावी, ही शंका रास्त आहे. म्हणून दुसरा पुरावा जात्यावरचा घेऊ. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या नोंदवल्या गेल्या. त्या रचणाऱ्या आणि गाणाऱ्या बायकांचा आवाज कोणी पारखून घेतला नव्हता. दळताना निम्मा दम जात्यालाच जातो, म्हणून चाल मोजक्या सुरांत फिरते आणि ओळ श्वासाला धरून चालते. तेवढ्या जागेत माहेर, सासर, लेकरे, विठ्ठल असा सारा संसार मावला.

सर्वांत गंभीर आक्षेप रियाजाचा आहे. मर्यादा मान्य केली की आळसाला निमित्त मिळते, असे गुरुजन म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. दमसास वाढतो, सूर पक्का होतो, पल्लाही थोडा रुंदावतो. हे सारे रियाजाने साधते. तेव्हा न केलेल्या मेहनतीला मर्यादा म्हणू नये. जाणत्याच्या देखरेखीखाली नेटाने रियाज करूनही जो सूर दर वेळी घसा आवळूनच लागतो, तीच खरी मर्यादा. तिथे आवाज ओरबाडत राहिल्यास स्वरतंतूंवर गाठी येऊ शकतात, आणि असलेले गाणेही जाते.

मग मोठ्या आवाक्याची चाल सुचली तर ती टाकून द्यायची का? मुळीच नाही, ती दुसऱ्या गळ्याला द्यावी. पुणे आकाशवाणीवर 1955–56 मध्ये गदिमांच्या ‘गीतरामायणा’तली 56 गीते प्रसारित झाली. संगीतकार सुधीर फडके स्वतः उत्तम गायक असूनही त्यांनी माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांना ती गायला दिली. गाणे सुचणे आणि ते गाणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दोन्ही एकाच गळ्याने केलीच पाहिजेत असा दंडक नाही. हौशी रचनाकाराने आपले सहज लागणारे खालचे-वरचे सूर आधी पेटीवर शोधून ठेवावेत, त्यांच्या आत स्वतःसाठी लिहावे आणि त्यांच्या बाहेर इतरांसाठी. असे केले तर एकही चाल वाया जाणार नाही, आणि गळाही शाबूत राहील.