पाटी कोरी, पण पोर शिकले
(बालवाडीविषयी गावकऱ्यांपुढे केलेले भाषण)



आज आपण गावातल्या सर्वांत लहान मंडळींविषयी बोलू. तीन ते सहा वर्षांची ही मंडळी. सकाळी ती अंगणवाडीत जातात, दुपारी घरी येतात. हात मातीने भरलेले असतात. पाटी मात्र कोरी असते.

अमरावती-अकोल्याकडील गावांतून आम्ही फिरतो, तेव्हा एक प्रश्न हमखास कानांवर येतो. "बाई, पोरगं रोज जाते. पण पाटी तं कोरीच आनते. तिथं शिकवता तरी काय?"

प्रश्न रास्त आहे. आपल्यापैकी पुष्कळांनी मोठेपणी पाटी हाती घेतली. दिवसभर काम करून, रात्री अक्षरे गिरवली. आपल्या पोरावर ही पाळी येऊ नये, असे आईबापांना वाटणारच. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट दिले पाहिजे.

वाफसा आल्यावर पेरणी

आपण शेतकरी आहोत. पहिला पाऊस पडला की लगेच तिफण जुंपतो का? नाही. आधी जमीन नांगरतो, वखरतो. पाऊस मुरू देतो. वाफसा येण्याची वाट पाहतो. घाई केली तर बियाणे वाया जाते.

मुलाचेही तसेच आहे. पेन्सिल धरायला बोटांत बळ लागते. 'प' आणि 'ष' यांतला फरक ओळखायला नजर तयार लागते. 'पाच' म्हणजे किती, हे कळायला पाच वस्तू हातांत घेऊन पाहाव्या लागतात. बोलायला शब्द लागतात. ही सारी नांगरट-वखरणी तीन ते सहा या वयात होते. ती हातांनी होते, खेळातून होते. ती पाटीवर दिसत नाही. पण पुढचे पीक तिच्यावरच येते.

हे कोणी शोधले?

इटली देशात मारिया माँटेसरी नावाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी १९०७ मध्ये रोम शहरात गरिबांच्या वस्तीत बालगृह उघडले. लहान मूल हातांनी शिकते, हे त्यांनी जगाला दाखवले. आपल्या देशात गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये गुजरातेत भावनगरला बालमंदिर काढले. ताराबाई मोडक त्यांच्या कामात सामील झाल्या. ताराबाईंचे आपल्या वऱ्हाडाशीही नाते होते. लग्नानंतर त्या अमरावतीस राहिल्या होत्या.

शहरातल्या बालमंदिरांतली साधने महाग असत. खेड्याला ती परवडणार कशी? १९४५ मध्ये ताराबाई समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. तेथे त्यांनी खडे, शिंपले, पाने, बिया, माती हीच साधने केली. गरीब वस्तीतली मुले बालवाडीत येईनात. तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तेथला आहे. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत गेले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारने अंगणवाडीची योजना देशात सुरू केली. प्रारंभी ३३ ठिकाणे निवडली. त्यांत आपल्या मेळघाटातील धारणीही होती.

कापसाचा आठवडा

आता प्रत्यक्ष काम कसे चालते ते पाहू. आठवड्याला एकच विषय घ्यायचा. तो मुलाच्या ओळखीचा असावा. वेचणीच्या दिवसांत आपल्याकडे कापसाएवढा ओळखीचा विषय कोणता?

सोमवारी बाई मुलांपुढे फुटलेली बोंडे ठेवते. मुले हात लावतात. कापूस मऊ लागतो. बोंडाचे टोक टोचते. मग डोळे मिटायचे. हातावर कधी कापूस ठेवायचा, कधी खडा. काय आहे ते मुलाने सांगायचे. मऊ, टणक, हलके, जड हे शब्द हाताबरोबर तोंडात येतात.

मंगळवारी कापसातून सरकी काढायची. हे काम चिमटीचे आहे. अंगठा आणि दोन बोटे लागतात. पेन्सिलही याच तीन बोटांनी धरतात. मग सरकी मोजायची. तुझ्या किती? माझ्या किती? कोणाच्या जास्त? एका बोंडात कापसाचे चार-पाच भाग असतात, तेही मोजायचे. थोडी सरकी फुटक्या माठातल्या मातीत लावायची आणि रोज पाणी घालायचे. काही दिवसांनी कोंब वर येतो. मूल वाट पाहायला शिकते.

बुधवारी वजन. एक काठी, दोन सारखे डबे आणि सुतळी घेतली की तराजू झाला. एका डब्यात खडा टाकायचा, दुसऱ्यात कापूस. डबा कापसाने भरून गेला, तरी खड्याचेच पारडे खाली! मुलांना मोठे नवल वाटते. मोठे दिसते ते जड असतेच असे नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

गुरुवारी गावातली एखादी आजी येते. ती वाती वळते. मुले तिच्याजवळ बसून वळू पाहतात. कोणाची वात जाड होते, कोणाची तुटते. आजी गोष्ट सांगते. मुले ऐकतात आणि मधूनमधून प्रश्न विचारतात. त्या दिवशी आजी हीच शिक्षिका.

शुक्रवारी पुठ्ठ्यावर खळ लावून कापूस चिकटवायचा. कोणी ससा करतो, कोणी ढग. कोळशाने डोळे काढतो. मग नाटक होते. एक जण गाडी हाकतो. दोघे बैल होतात. एक मुलगी कापूस मोजून घेते आणि पैसे देते. आईबापांचे काम मुलांच्या खेळात येते. त्या कामाचा मान त्यांना वाटतो.

शनिवारी सगळी मिळून जवळच्या शेतात जातात. पऱ्हाटी आपल्यापेक्षा उंच की ठेंगणी, ते उभे राहून पाहतात. कोणते बोंड मिटलेले, कोणते फुटलेले, ते दाखवतात.

सांगा पाहू, या सहा दिवसांत पैसे किती लागले? आणि गणित, भाषा, शेती, कला यांतले काय राहिले?

असेच दुसरे आठवडे घेता येतात. ज्वारीचा घ्यावा. कणीस चोळावे, दाणे पाखडावे, धांड्याची गाडी करावी. वरुड-मोर्शीकडे संत्र्याचा घ्यावा. फोडी मोजाव्या, साल हुंगावी, शेवटी फोडी वाटून खाव्या. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात पाण्याचा घ्यावा. विहिरीचे पाणी खारट का लागते आणि नळाचे गोड का, हा प्रश्न तेथले मूल आपणहून विचारते. तान्ह्या पोळ्याला मातीचे बैल करावे. गाडगेबाबा याच अमरावती जिल्ह्यातले. त्यांची गोष्ट सांगावी आणि छोटे खराटे घेऊन अंगण झाडावे.

जपायच्या गोष्टी

साधने फुकट मिळतात, पण ती पारखून घ्यावी लागतात.

पेरणीचे पाकिटातले बियाणे मुलांना कधीही देऊ नये. त्याला विषारी औषध लावलेले असते. ते रंगीत दिसते, म्हणून मुलांना आवडते. धोका तेथेच आहे. नुकती फवारणी झालेल्या शेतातला कापूस आणू नये. फवारणीच्या औषधाचे डबे, बाटल्या कितीही धुतल्या तरी खेळायला देऊ नयेत. एरंडीच्या बिया आणि गुंजा विषारी असतात. त्या मोजायला घेऊ नयेत. दाणे, सरकी, खडे मुले नाकात, कानात, तोंडात घालतात. म्हणून असे खेळ बाईच्या डोळ्यांसमोरच व्हावेत. धाकट्यांना मोठे खडे द्यावेत. खेळ संपला की हात साबणाने धुवावेत.

आपले काम कोणते?

अंगणवाडीची बाई एकटी सगळे करू शकत नाही. तिच्याकडे पोषणाचे काम असते, नोंदी असतात, लसीकरणाच्या दिवशी बोलावणे असते. गावाने हात लावला पाहिजे. सुताराने लाकडाचे गुळगुळीत ठोकळे द्यावे. कुंभाराने माती द्यावी. ज्याच्या शेतात कापूस आहे त्याने शेरभर बोंडे द्यावी. बापांनीही महिन्यातून एक दिवस तेथे जाऊन बसावे.

आणखी एक गोष्ट. वेचणीला आई शेतात जाते. मग धाकट्याला सांभाळायला थोरली मुलगी घरी राहते. तिची शाळा बुडते, ती बुडतेच. कोसबाडला ताराबाई-अनुताईंनी हे ओळखले होते. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका ठिकाणी आणली. तिला विकासवाडी म्हणत. भाऊ पाळण्यात, बहीण वर्गात! आपल्या गावात तीन वर्षांवरचे पोर अंगणवाडीत रोज गेले, तर थोरलीचे ओझे कमी होईल. त्याहून लहानांसाठी वेचणीच्या दिवसांत पाळणाघर काढता येईल का, याचा विचार ग्रामसभेत करावा. एका घराला जे जमत नाही, ते गावाला जमते.

"पण अक्षरे केव्हा?" असे आपण विचाराल. मुलाने आपणहून विचारले, तर जरूर दाखवा. त्याचे नाव त्याला लिहून द्या. मात्र चार वर्षांच्या पोराला दटावून बाराखडी घोटवू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला आहे. या वयात खेळातून आणि कृतीतून शिकवावे, असेच ते सांगते.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. आज संध्याकाळी पोराला "काय लिहिलंस?" असे विचारू नका. "काय केलंस, मला दाखव," असे म्हणा. मग ते वात वळून दाखवील, खडे मोजून दाखवील. तुम्ही जवळ बसून पाहा. त्याचे हात काय शिकले ते तुम्हांला कळेल.

चर्चेसाठी प्रश्न
१. आपल्या गावात फुकट मिळणारी पाच साधने सांगा.
२. मुलांना कोणत्या वस्तू देऊ नयेत? का?
३. धाकट्यांना सांभाळण्यासाठी कोणाकोणाच्या मुली शाळेला मुकतात? त्यांच्यासाठी गाव काय करील?