'अज्ञात वाहन' म्हणजे शेवट नव्हे

आमचं चांदीप वसई तालुक्यातलं. जवळच शिरसाड फाट्याला मुंबई-अहमदाबाद महामार्ग लागतो. महामार्गालगतच्या लोकांना वर्तमानपत्रातलं एक वाक्य पाठ झालेलं असतं : 'अज्ञात वाहनाच्या धडकेने पादचारी ठार.' मी कविता लिहितो, शब्दांशी माझा रोजचा व्यवहार; पण 'अज्ञात' इतका सोयीचा शब्द दुसरा आढळला नाही. तो कागदावर आला की तपास मंदावतो आणि घरचेही नशिबाला बोल लावून गप्प बसतात. त्यांनी बसू नये, एवढंच आज सांगायचं आहे.

आधी गुन्हा नोंदवून घ्या. दखलपात्र गुन्ह्याची खबर नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिताकुमारी खटल्यात सांगितलं. खबरीची नक्कल फुकट मिळते. नोंद नाकारली, तर लेखी अर्ज टपालाने वरिष्ठांना पाठवा. आपल्याकडे २०२० पासून पोलीस आयुक्तालय आहे. तरीही हालचाल नसेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवायचं, असंही ही संहिता सांगते.

कॅमेऱ्यातलं चित्रण मात्र थांबत नाही; जुनं पुसून त्यावर नवं चढतं. म्हणून पेट्रोल पंप, ढाबा, खानिवड्याचा टोलनाका, जिथे कॅमेरा असेल तिथलं चित्रण ताब्यात घ्या, असा अर्ज पोलिसांना पहिल्या दोन-तीन दिवसांतच द्या.

गाडी सापडलीच नाही, तर पोलीस न्यायालयात 'अ समरी' पाठवतात : गुन्हा खरा, आरोपी मिळाला नाही. ती मान्य होण्याआधी फिर्यादीचं म्हणणं ऐकायला हवं, असा १९८५ चा निकाल आहे. नोटीस आली की हजर राहा, हरकत घ्या.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. गाडी सापडली नाही तरी भरपाई मिळते. १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये. त्याआधी हेच आकडे पंचवीस हजार आणि साडेबारा हजार होते. अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही, तर पोलिसांनीच या योजनेची माहिती घरच्यांना लेखी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये बजावलं आहे.

दोन लाखांनी घरातला माणूस परत येत नाही, खरं आहे. पण मजुरी करणाऱ्या घरात त्यावर मुलांची शाळा चालू राहू शकते. तेव्हा दुःख आवरून कुणीतरी एकाने फाईल उघडावी, आणि प्रत्येक अर्जाची पोच तीत जपून ठेवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)