मोबाइलवरील छळाचे मोजमाप



मुदखेडसारख्या तालुक्याच्या गावी आसपासच्या खेड्यांतून मुलेमुली शिकावयास येतात. त्यांच्यात जुळणाऱ्या प्रेमसंबंधांविषयी वडीलधारी मंडळी बोलत नाहीत. त्या संबंधांत मोबाइलवरून होणाऱ्या छळाविषयी तर मुलेही मौन पाळतात. मग हा छळ मोजावयाचा कसा?

पोलीस दप्तर येथे अपुरे आहे. तेथील आकडे नोंदलेल्या गुन्ह्यांचे असतात. छायाचित्र पसरविण्याची धमकी कदाचित ठाण्यापर्यंत पोहोचेल. ‘पासवर्ड दे, नाहीतर बोलू नकोस’ हे वाक्य सहसा पोहोचत नाही.

‘तुझा छळ होतो का?’ असे विचारून तर काहीच हाती लागणार नाही. पाळतीलाच प्रेम समजणारी मुलगी ‘नाही’ म्हणेल, आणि ते खोटेही नसेल. म्हणून प्रश्न कृतीविषयी हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी विवाहित स्त्रीला असेच विचारते : तू कोठे आहेस हे सदैव कळलेच पाहिजे, असा पतीचा हट्ट असतो का? शाळकरी वयासाठी त्याचे रूप एवढेच बदलते : पासवर्ड मागितला का, उत्तरास उशीर झाल्यावर धमकावले का, आणि किती वेळा? स्पेनमधील संशोधकांनी २०१५ साली मांडलेल्या २० कलमी प्रश्नावलीत प्रत्येक कृती सोसली का आणि स्वत: केली का, असे दोन्ही बाजूंनी विचारले आहे. ते योग्यच, सोसणारा मुलगाही असू शकतो.

अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, प्रेमसंबंध असलेल्यांपैकी सुमारे २६ टक्के विद्यार्थ्यांनी मागील वर्षभरात असा छळ सोसल्याचे सांगितले. तो आकडा मराठवाड्यास लावू नये. येथे अनेक घरांत फोन एकच, तोही भावाच्या हाती.

खरी अडचण भीतीची आहे. बोभाटा झाला तर फोन जाईल, शाळा सुटेल, स्थळे पाहणे सुरू होईल, हे मुलगी जाणते. २०१९-२१ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २२ टक्के स्त्रियांचा विवाह अठराव्या वर्षापूर्वीच झाला होता. तेव्हा तिची भीती अनाठायी नाही. महाराष्ट्रासह सहा राज्यांत २००६-०७ मध्ये झालेल्या युवक पाहणीत सर्वांत नाजूक प्रश्नाचे उत्तर कोऱ्या कार्डावर खूण करून बंद पाकिटात घेतले गेले. शाळेनेही तेच करावे : नाव नाही, हजेरी क्रमांक नाही, हस्ताक्षरही नाही. लहान वर्गाचे आकडे वेगळे काढू नयेत. पाच मुलींच्या वर्गात कोण ते लगेच ओळखू येते.

आणखी एक गोष्ट मुलांना आधीच सांगावी लागेल. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार बालकावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती ज्याला मिळेल त्याने ती पोलिसांस कळविणे बंधनकारक आहे. कोणी शिक्षकाजवळ येऊन असे काही सांगितले, तर ते गुप्त ठेवण्याचे वचन शिक्षकास देता येणार नाही. प्रश्नपत्रिकेच्या तळाशी १०९८ आणि १९३० हे मदतीचे क्रमांक छापावेत, आणि कागद वर्गातच गोळा करावेत. घरी नेऊ देऊ नयेत.