तेलाचे चार थेंब

माझी मोटार विक्रेत्याच्या कार्यशाळेतून दुरुस्त होऊन आली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी फरशीवर तांबूस तेलाचे चार थेंब दिसले. काम झाले होते पुढच्या चाकांच्या स्प्रिंगांचे. गळत होते पॉवर स्टिअरिंगचे तेल. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा पंप या तेलाला दाब देतो, म्हणून सुकाणू सहज वळते. तेल सरले तरी चाके वळतात, पण मनगटे भरून येतात. घाटातल्या वळणावर तेवढा विलंब घातक ठरतो. ‘गळती आधीचीच असेल,’ असे म्हणत व्यवस्थापकांनी ‘मोटार सुस्थितीत मिळाली’ हा माझ्याच सहीचा कागद पुढे केला. इतरांच्या टिपणांवर शेरे मारण्यात माझी नोकरी चाललेली. इथे मात्र न वाचताच सही! अखेर मोटार वर उचलून पाहिली. परतीच्या नळीची पकड सैल होती.