समाजमाध्यमांचं व्यसन लागतं का?



संयोजकांनी आजच्या विषयापुढे प्रश्नचिन्ह ठेवलं, याबद्दल त्यांचे आभार. कारण घराघरांत या प्रश्नाचा निकाल कधीच लागला आहे. मुलगी जेवताना रील बघते, तिला व्यसन लागलं. आजोबा पहाटे उठून सगळ्या गोतावळ्याला ‘शुभ सकाळ’ पाठवतात, तेही व्यसनी. हा निकाल आज जरा तपासून बघू.

पहिला आक्षेप ठरलेला असतो. दारू पोटात जाते, तंबाखू रक्तात भिनते. फोनमधून शरीरात काय जातं? हा आक्षेप टिकत नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं अक्षसूक्त आठवा. त्यातला जुगारी आता खेळायचं नाही असं ठरवतो आणि फाशांचा आवाज कानावर पडताच पुन्हा तिकडेच जातो. बायको दुरावली, सासू द्वेष करते, डोक्यावर कर्ज झालं, तरी जातो. त्याच्या पोटात काहीच गेलेलं नाही. आधुनिक वैद्यकानं जुगाराला दारू आणि अफूच्या प्रकरणात बसवलं ते २०१३ मध्ये, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या ‘डीएसएम-५’ या निदानग्रंथात. जागतिक आरोग्य संघटनेची ‘आयसीडी-११’ ही आजारांची यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात जुगाराशेजारी गेमिंगही आलं. समाजमाध्यमांचं व्यसन मात्र दोन्हींपैकी एकातही आजार म्हणून नोंदलेलं नाही.

तरीही तुलना करायचीच, तर ती दारूशी न करता जुगाराशी करावी. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळेल याचा नेम नसला, की कबुतर थकेपर्यंत चोच मारत राहतं. जुगाराची यंत्रं याच तत्त्वावर पैसे ओढतात. आपली फीडही तशीच चालते. बोट सरकवलं की कधी कंटाळवाणी जाहिरात येते, कधी शाळेतल्या मैत्रिणीचा फोटो, कधी आपल्या पोस्टवर पन्नास लाइक. पुढचं काय येईल हे कळत नाही, म्हणून बोट थांबत नाही. त्यात पान संपतच नाही. ही न संपणाऱ्या पानाची युक्ती २००६ मध्ये आझा रास्किन यांनी काढली आणि पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला.

आता व्यसन ओळखायचं कसं? ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ मार्क ग्रिफिथ्स यांनी २००५ मध्ये सहा खुणा मांडल्या. ध्यानीमनी तेच असणं, मन हलकं करायला त्याचाच आधार घेणं, मात्रा वाढत जाणं, बंद केल्यावर तगमग होणं, घरी किंवा कामावर खटके उडणं, आणि सोडल्यावर पुन्हा तिकडेच वळणं. नॉर्वेतल्या बर्गेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये यावरून फेसबुकसाठी सहा प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. इथवर सगळं शास्त्रशुद्ध वाटतं. पण ब्रिटनमधल्या काही संशोधकांना एक खोडकर कल्पना सुचली. त्यांनी समाजमाध्यमांच्या व्यसनाची अशीच एक प्रश्नावली घेतली आणि समाजमाध्यमांच्या जागी ‘मित्र’ घातले, प्रत्यक्ष भेटणारे मित्र. ८०७ जणांनी उत्तरं दिली आणि त्यांतले ६९ टक्के लोक मित्रांचे ‘व्यसनी’ निघाले! जी मोजपट्टी कट्ट्यावरच्या गप्पांनाही आजार ठरवते, तिच्यावर किती विसंबायचं?

सहा खुणांपैकी दोन तर इथे फारच लंगड्या पडतात. दारूच्या जुन्या रुग्णानं एकाएकी दारू सोडली तर हातपाय थरथरतात, फेफरं येऊ शकतं, प्रसंगी जीवही जातो. फोन काढून घेतल्यावर होते ती चिडचिड. आणि वापराचे तास वाढले म्हणजे मात्रा वाढली असंही नाही. परगावी बदली झालेला माणूस घरच्यांशी जास्त वेळ बोलेलच.

मग खरे रुग्ण नसतातच का? असतात. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसोपचार संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी ‘शट क्लिनिक’ चालतं, ते उगाच नाही. थांबायचं ठरवूनही थांबता येत नाही, झोप, अभ्यास, नोकरी, नाती यांची पडझड डोळ्यांसमोर दिसते तरी हात फोनकडेच जातो, आणि हे महिनोन्‌महिने चालतं, अशी अवस्था दिसली तर अक्षसूक्तातल्या जुगाऱ्याचीच ती अवस्था आहे. तिथे तज्ज्ञांची मदत घ्यायलाच हवी. पण असे लोक थोडे. उरलेल्यांचं, म्हणजे तुमचंआमचं काय?

शिकागो विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ लिओनार्दो बर्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना विचारलं, की चार आठवडे टिकटॉक बंद ठेवायला किती पैसे घ्याल? सरासरी उत्तर आलं ५९ डॉलर. मग प्रश्न बदलला. तुमच्यासह कॉलेजातल्या सगळ्यांचंच बंद झालं तर? आता तीच मुलं उलट सरासरी २८ डॉलर द्यायला तयार झाली! म्हणजे त्यांना ते हवंच होतं असं नाही. सगळे तिथे असताना एकट्यानं बाहेर राहायचं नव्हतं. माझ्या मते सगळ्या वादाचं मर्म इथे आहे. व्यसन म्हटलं की दोष एकेकाच्या मनोनिग्रहावर जातो आणि उपायही एकेकावर होतात. इथे तर सगळेच एकमेकांमुळे अडकले आहेत.

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. दीड तास घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, बोलायचं. कुणा एकाला रुग्ण ठरवलं नाही. सगळ्यांनी एका वेळी थांबायचं, एवढंच ठरलं. त्या अमेरिकी विद्यार्थ्यांना जे हवं होतं, ते गावानं ग्रामसभेच्या पातळीवर करून दाखवलं.

म्हणून माझा निकाल असा: समाजमाध्यमांचा अतिवापर थोड्यांच्या बाबतीत व्यसनासारखाच असतो, बहुतेकांच्या बाबतीत ते सामुदायिक अडकणं असतं. पहिल्याला डॉक्टर लागतो, दुसऱ्याला शेजारी. तेव्हा घरी जाऊन मुलाच्या हातातला फोन हिसकावू नका. सोसायटीच्या सभेत, शाळेच्या पालकसभेत हा विषय काढा, रोजचा एक तास सगळ्यांसाठी ठरवा, आणि त्या तासाला आपला फोन सर्वांत आधी बंद करा.